लाप्लासचं गणित अडलं? आधी अडलेली ओळ शोधा

इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरच्या एम-थ्रीमधले (मॅथ्स-थ्री) लाप्लास ट्रान्सफॉर्मचे सुटे प्रश्न बहुतेकांना जमतात. ई^(−३ट) कॉस २ट चा लाप्लास काढा, १/(स²+९) चा इन्व्हर्स काढा, इथपर्यंत गाडी नीट चालते. अडतं ते सगळं एका गणितात आल्यावर: डिफरन्शियल इक्वेशन, तुकड्यांत दिलेलं फंक्शन, शून्य नसलेली इनिशियल कंडिशन, आणि मध्येच येऊन बसलेला ई^(−२स). मग वही मिटून ‘मला लाप्लासच येत नाही’ असं म्हटलं जातं. हे बहुधा खरं नसतं. असं गणित सहा-सात टप्प्यांचं असतं आणि चूक साधारणपणे एकाच टप्प्यात झालेली असते. तो टप्पा हाती लागला की निम्म्या वेळा दुसऱ्याकडे जावंच लागत नाही, आणि जावं लागलं तरी प्रश्न एका ओळीत विचारता येतो.

म्हणून इथे एक पुरेसं अवघड गणित शेवटपर्यंत सोडवलं आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर काय बिघडतं आणि ते कसं ओळखायचं, हेही दिलं आहे.

लेखनाची पद्धत आधी ठरवू. ट म्हणजे काळ, स म्हणजे लाप्लासनंतरचा चल, य म्हणजे शोधायचं फंक्शन, ल[ ] म्हणजे लाप्लास. ई^( ) म्हणजे एक्स्पोनेन्शियल. उ(ट−२) म्हणजे युनिट स्टेप: ट दोनपेक्षा कमी असेपर्यंत शून्य, नंतर एक.

गणित असं आहे:

य″ + २य′ + ५य = फ(ट), य(०) = १, य′(०) = ०

फ(ट) = ५ट, जेव्हा ० ≤ ट < २
फ(ट) = ०, जेव्हा ट ≥ २

पेन उचलण्याआधी उत्तराचा अंदाज

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि चूक पकडायला सर्वांत जास्त उपयोग हिचाच होतो. समीकरण स्प्रिंगचं आहे असं समजा: वस्तुमान १ किलो, डँपिंग २, स्प्रिंगचा स्थिरांक ५. वस्तू १ मीटर ओढून सोडली आहे. तिच्यावरचं बल दर सेकंदाला ५ न्यूटनने वाढत दुसऱ्या सेकंदाला १० न्यूटनपर्यंत जातं आणि तिथे एकदम नाहीसं होतं. त्यानंतर वस्तूला ढकलणारं काही उरत नाही आणि डँपिंग तर आहेच. म्हणजे शेवटी य शून्याकडेच गेला पाहिजे.

आता स²+२स+५ = ० ची मुळं काढा: −१ ± २i च्या जातीची, म्हणजे वास्तव भाग −१ आणि काल्पनिक भाग २. यावरून उत्तरात ई^(−ट), कॉस २ट आणि साइन २ट असणार हे आधीच कळतं. शेवटी साइन ५ट किंवा ई^(ट) दिसला, तर पुढची मांडणी तपासायचीही गरज नाही. मागे कुठेतरी घोटाळा आहे. हे दोन्ही अंदाज पानाच्या कडेला लिहून ठेवा.

तुकड्यांचं फंक्शन एका ओळीत

नियम एकच: ज्या क्षणी सूत्र बदलतं, त्या क्षणाच्या युनिट स्टेपला ‘नवं वजा जुनं’ याने गुणायचं. सुरुवातीचं सूत्र ५ट. ट = २ ला नवं ०, जुनं ५ट.

फ(ट) = ५ट + (० − ५ट) उ(ट−२) = ५ट − ५ट उ(ट−२)

तीन तुकडे असले तर अशीच आणखी एक संज्ञा जोडायची. लिहून झाल्यावर ट = १ आणि ट = ३ घालून बघा. ट = १ ला ५ आणि ट = ३ ला १५ − १५ = ० आलं, म्हणजे ओळ बरोबर आहे.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ती जागा

आता ल[ट उ(ट−२)] हवा आहे. इथे हात आपोआप ई^(−२स)/स² लिहून मोकळा होतो, आणि तिथेच गणित हातचं जातं. सेकंड शिफ्टिंग थिअरम काय म्हणतो ते शब्दशः वाचा: फंक्शन ट−२ च्या रूपात असेल, म्हणजे ग(ट−२) उ(ट−२) असं असेल, तरच त्याचा लाप्लास ई^(−२स) गुणिले ल[ग(ट)]. आपल्याकडे उ च्या शेजारी नुसता ट आहे, ट−२ नाही. आकृती काढली तर हा फरक डोळ्यांना दिसतो. (ट−२) उ(ट−२) ची रेषा ट = २ ला शून्यापासून वर चढायला लागते. ट उ(ट−२) ट = २ ला एकदम २ वर उडी मारतं आणि तिथून चढतं. ही २ ची उडी लाप्लासमध्ये कुठेतरी दिसायलाच हवी.

म्हणून ट ला ट−२ च्या भाषेत लिहायचं:

ट = (ट−२) + २

ल[ट उ(ट−२)] = ई^(−२स) (१/स² + २/स)

ती उडी म्हणजेच २/स. ट² असता तर (ट−२)² + ४(ट−२) + ४ असं लिहावं लागलं असतं. साइन ट असता तर साइन((ट−२)+२) ला बेरजेच्या सूत्राने उलगडावं लागलं असतं. पाठ करायला सोपं रूप हवं असेल तर हे घ्या: ल[ग(ट) उ(ट−अ)] = ई^(−अस) ल[ग(ट+अ)]. वजा नाही, अधिक. हे चिन्ह उलटं लिहिणं ही याच टप्प्यावरची दुसरी नेहमीची चूक.

ल[फ] = ५/स² − ई^(−२स) (५/स² + १०/स)

दोन्ही बाजूंचा लाप्लास

ल[य″] = स² ल[य] − स य(०) − य′(०) = स² ल[य] − स
ल[य′] = स ल[य] − य(०) = स ल[य] − १

दुसरी ओळ समीकरणात २ ने गुणली जाते, म्हणजे −१ चा −२ होतो. कंसाबाहेरचा हा २ घाईत सुटतो. एकत्र करून:

(स² + २स + ५) ल[य] = स + २ + ५/स² − ई^(−२स) (५/स² + १०/स)

उजवीकडच्या स + २ मधला २ त्याच कंसातून आला आहे. तुमच्या वहीत तिथे नुसता स असेल, तर चूक सापडली.

तुकडे वेगळेच ठेवा

इथे सगळं एका छेदावर आणायचा मोह टाळा. ई^(−२स) ला पार्शल फ्रॅक्शनमध्ये घुसवता येत नाही, कारण ते स चं बहुपद नाही. त्याला बाजूला उभं ठेवायचं आणि अगदी शेवटी हाक मारायची. तीन अपूर्णांक लागतात:

क = (स+२)/(स²+२स+५)
ख = ५/[स²(स²+२स+५)]
ग = १०/[स(स²+२स+५)]

ल[य] = क + ख − ई^(−२स)(ख + ग)

ख दोनदा आला आहे, पण सोडवायचा एकदाच. अशी पुनरावृत्ती आधी हेरली की अर्धं पान वाचतं.

पार्शल फ्रॅक्शन, आणि अर्ध्या मिनिटाची तपासणी

ख साठी मांडणी:

५/[स²(स²+२स+५)] = प/स + ब/स² + (मस+न)/(स²+२स+५)

छेदात स² आहे म्हणून प/स आणि ब/स² दोन्ही लागतात. प/स गाळला तर सहगुणक जुळतच नाहीत आणि विद्यार्थी बेरीज-वजाबाकीतली चूक शोधत बसतो. द्विघाती छेदावर मस+न असं पूर्ण रेषीय रूप हवं, नुसता न पुरत नाही.

छेद काढून सहगुणक जुळवा. स्थिरांक: ५ब = ५, म्हणून ब = १. स चा: ५प + २ब = ०, म्हणून प = −२/५. स² चा: २प + ब + न = ०, म्हणून न = −१/५. स³ चा: प + म = ०, म्हणून म = २/५.

आता तपासणी. दोन्ही बाजूंना स = १ घाला. डावीकडे ५/८ = ०.६२५. उजवीकडे −०.४ + १ + (०.४ − ०.२)/८ = ०.६ + ०.०२५ = ०.६२५. जुळलं. ही तपासणी न करता पुढे जाऊ नका. इथली एक चिन्हाची चूक पुढची दोन पानं खराब करते आणि तिथे गेल्यावर ती सापडत नाही.

ग साठी तसंच: १०/[स(स²+२स+५)] = २/स + (−२स−४)/(स²+२स+५). स = १ ला डावीकडे १.२५; उजवीकडे २ − ६/८ = १.२५.

इन्व्हर्स: पूर्ण वर्ग आणि अंशाची दुरुस्ती

स²+२स+५ = (स+१)² + २². छेदात स+१ आला की अंशही स+१ च्या भाषेतच हवा. ही दुरुस्ती अर्धवट राहते म्हणून बहुतेक इन्व्हर्स चुकतात.

क चा अंश: स+२ = (स+१) + १. पहिला भाग ई^(−ट) कॉस २ट देतो. दुसऱ्यात अंशात १ आहे, पण साइन २ट साठी २ हवा. म्हणून अर्ध्याने गुणावं लागतं.

क → ई^(−ट) (कॉस २ट + ½ साइन २ट)

ख मधला अंश: (२/५)स − १/५ = (२/५)(स+१) − ३/५. ही −३/५ काळजीने काढा. −१/५ तसाच पुढे नेणं ही इथली ठरलेली चूक.

ख → ट − २/५ + ई^(−ट) [(२/५) कॉस २ट − (३/१०) साइन २ट]

ग मधला अंश: −२स−४ = −२(स+१) − २.

ग → २ − ई^(−ट) (२ कॉस २ट + साइन २ट)

ख आणि ग दोन्हींत ट = ० घालून बघा, दोन्ही शून्य येतात. ते यायलाच हवेत, कारण दोन्हींत छेदाची घात अंशापेक्षा किमान दोनने जास्त आहे.

जोडणी

ई^(−२स) चा अर्थ: ख आणि ग च्या इन्व्हर्समध्ये प्रत्येक ट च्या जागी ट−२ लिहा आणि मग उ(ट−२) ने गुणा. घातातला ट, कॉसमधला ट, सुटा ट, सगळे. एकही जुना राहता कामा नये.

ट < २ साठी फक्त क + ख:

य = ट − २/५ + ई^(−ट) [(७/५) कॉस २ट + (१/५) साइन २ट]

ट ≥ २ साठी यातून सरकवलेले ख + ग वजा करायचे. सुटे भाग बघा: (ट−२) − २/५ + २ = ट − २/५. म्हणजे वरचा ट − २/५ नेमका कटतो आणि उरतं:

य = ई^(−ट) [(७/५) कॉस २ट + (१/५) साइन २ट] + ई^(−(ट−२)) [(८/५) कॉस २(ट−२) + (१३/१०) साइन २(ट−२)]

दोन्ही संज्ञा विझत जाणाऱ्या आहेत. कडेला लिहून ठेवलेला अंदाज खरा ठरला.

ट = २ चा सांधाही तपासू. आधीच्या सूत्रातला वेगळा भाग २ − २/५ = ८/५; नंतरच्या सूत्रातला वेगळा भाग ट = २ ला ८/५ च. उताराचं बघा: आधीचा १; नंतरचा −८/५ + २×१३/१० = १. बल तुटलं तरी स्थान आणि वेग तुटत नाहीत, फक्त त्वरण उडी मारतं. उत्तरातही तेच दिसतं.

उत्तर चुकलं असेल तर लक्षणावरून टप्पा ओळखा

य शेवटी शून्याऐवजी २ वर स्थिरावतो? तुम्ही ल[ट उ(ट−२)] ला ई^(−२स)/स² धरलं. त्याने १० न्यूटनचं बल कायम राहिल्यासारखं होतं, आणि १०/५ = २.

य′(०) शून्याऐवजी −२ येतो? २य′ मधला २य(०) सुटला आहे. य′(०) = ०.४ आला तर साइन २ट ची संज्ञा अर्धी करायची राहिली. १.४ आला तर पूर्ण वर्ग छेदात केलात, पण अंशातला स तसाच ठेवलात.

ट = २ ला य स्वतःच उडी मारतो? सरकवताना कुठेतरी ट चा ट−२ झालेला नाही.

आकडा घालून तपासत असाल तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना, हे आधी बघा. ट = २ ला बरोबर किंमत सुमारे १.४५६, डिग्रीवर ठेवला तर साधारण १.७९ येते, आणि बरोबर गणित चुकीचं ठरवून माणूस ते पुन्हा सोडवायला बसतो.

आता मदत मागायची ती अशी

‘सर, हे गणित येत नाही, सोडवून द्या’ या वाक्याने पूर्ण उत्तर मिळतं आणि पुढच्या गणितात तिथेच पुन्हा अडतं. त्याऐवजी चार गोष्टी द्या: प्रश्न जसाच्या तसा (इनिशियल कंडिशनसह), बरोबर असल्याची खात्री असलेली शेवटची ओळ, जिथे शंका आहे ती ओळ, आणि खात्री किंवा शंका कशावरून. उदाहरणार्थ:

‘सर, फ(ट) = ५ट − ५ट उ(ट−२) इथपर्यंत ट = १ आणि ३ घालून तपासलं आहे. पुढे माझं उत्तर शेवटी २ वर जातं, पण बल काढल्यावर ते ० वर यायला हवं ना? दुसऱ्या शिफ्टिंगची ओळ चुकली असेल का?’

असा निरोप वाचून शिकवणारा दोन मिनिटांत नेमकं बोट ठेवतो. फोटो पाठवायचा तर पूर्ण पान सरळ धरून पाठवा. प्रश्न कापला गेलेला आणि फक्त शेवटच्या चार ओळी असलेला फोटो कुणाच्याच कामाचा नाही.

सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेही टप्प्याटप्प्यानेच वापरा. सिम्पाय ही पायथनची फुकट लायब्ररी लाप्लास, इन्व्हर्स लाप्लास आणि पार्शल फ्रॅक्शन तिन्ही करते. तिच्यात ट हा धन आहे हे आधी जाहीर करा, नाहीतर उत्तरात प्रत्येक संज्ञेला हेव्हिसाइड (म्हणजे आपली युनिट स्टेपच) चिकटून येतो. अख्खं गणित टाकण्यापेक्षा ख आणि ग वेगवेगळे तपासा, म्हणजे तुमच्या वहीशी ओळीला ओळ जुळवता येते. संवाद साधणाऱ्या एआयला ‘सोडव’ न म्हणता ‘माझ्या मांडणीतली पहिली चुकीची ओळ दाखव’ म्हणा. त्याच्या उत्तराचीही स = १ ची तपासणी स्वतः करा; ओघवत्या भाषेतसुद्धा चिन्ह चुकतं.

वेगळ्या जातीच्या अडचणी

लॉग किंवा टॅन इन्व्हर्स असलेला इन्व्हर्स विचारला तर पार्शल फ्रॅक्शन चालत नाही. तिथे ल[ट फ(ट)] म्हणजे लाप्लासच्या डेरिव्हेटिव्हचं उणं, हे वापरा. लॉग[(स+अ)/(स+ब)] चं डेरिव्हेटिव्ह १/(स+अ) − १/(स+ब). म्हणून उत्तर [ई^(−बट) − ई^(−अट)]/ट.

छेदात (स²+४)² असेल तर कन्व्होल्यूशन. १/(स²+४)² चा इन्व्हर्स (साइन २ट − २ट कॉस २ट)/१६.

उजवीकडे डेल्टा(ट−२), म्हणजे ट = २ ला बसलेला क्षणिक धक्का, असेल तर लाप्लास नुसता ई^(−२स), आणि उत्तरात ट = २ ला य चा उतार उडी मारतो. तिथे उतार सलग आला तर तीच चूक समजा.

कंडिशन ट = ० ऐवजी ट = २ ला दिली असेल तर नवा काळ ट−२ घेऊन सगळं समीकरण, उजव्या बाजूसकट, त्यात लिहा. आणि एक कंडिशन ० ला, दुसरी दुसरीकडे असेल, तर य′(०) ला ‘च’ हे अज्ञात अक्षर द्या, गणित पूर्ण सोडवा आणि दुसऱ्या कंडिशनवरून ‘च’ची किंमत काढा.

पुस्तकातलं उत्तर वेगळं दिसलं तर

लगेच खोडू नका. (७/५) कॉस २ट + (१/५) साइन २ट हेच √२ कॉस(२ट − थीटा) असंही छापलेलं असतं, कारण ४९/२५ + १/२५ = २; थीटाचा टॅन १/७, म्हणजे थीटा सुमारे ०.१४१९ रेडियन. कुणी ट ≥ २ चं उत्तर युनिट स्टेपसह न फोडता ठेवतं, कुणी दोन ओळींत देतं. दोन्हींत ट = १ आणि ट = ३ घाला. ट = १ ला आपल्या गणितात ०.४५३ यायला हवं. दोन्ही ठिकाणी किंमती जुळल्या तर बहुतेक एकच उत्तर दोन रूपांत आहे. एका ठिकाणी जुळून दुसरीकडे फसलं, तर चूक कुठल्या तुकड्यात आहे हेही त्यातूनच कळतं: १ ला जुळून ३ ला फसलं तर ख + ग सरकवण्याच्या ओळीपासून मागे बघायला लागा.